स्टॅटिक बायनरी जुन्या सर्व्हरवर अडते? लिंकरची वॉर्निंग वाचा

स्टॅटिक लिंक केलं, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी बायनरीतच (तयार प्रोग्रामच्या फाइलमध्येच) बांधल्या, की प्रोग्राम कुठल्याही लिनक्सवर चालणार, असं आपण धरून चालतो. इंदूरच्या ऑफिसात उत्तम चाललेली बायनरी सांवेर रोडवरच्या कारखान्यातल्या जुन्या सर्व्हरवर सुरूही होते, पण होस्टचं नाव शोधायची वेळ आली की कोसळते.

१. बिल्डच्या शेवटी लिंकर (कोड आणि लायब्ररी जोडणारं टूल) काय म्हणतो ते नीट वाचा. वॉर्निंगमध्ये गेटॲड्रइन्फो (होस्टचं नाव शोधणारं फंक्शन) किंवा गेटपीडब्ल्यूनॅम (युजरची माहिती शोधणारं) दिसलं, तर बायनरी नावापुरतीच स्टॅटिक आहे. चालताना तिला जीलिबसीच्या (बहुतेक लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) बिल्डवेळच्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्ररी लागतात. ही ओळ हमखास दुर्लक्षिली जाते आणि खरं दुखणं तिथेच असतं.

२. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या डॉकर कंटेनरमध्ये स्टॅटिक बिल्ड करा, तिथे जीलिबसीऐवजी मसल (musl) ही पूर्ण स्टॅटिक जोडता येणारी सी लायब्ररी असते. गो भाषा वापरत असाल आणि सीचा कोड नसेल, तर सीगो (गोमध्ये सीचा कोड जोडायची सोय) बंद करा, तेवढ्यानं भागतं.

३. एखादी लायब्ररी मसलवर चालतच नसेल, तर स्टॅटिकचा हट्ट सोडा. ग्राहकांकडची सर्वांत जुनी सिस्टीम पाहा आणि तिच्यावरच डायनॅमिक बिल्ड (चालताना सिस्टीमवरच्या लायब्ररी वापरणारं) करा. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे, उबंटू २२.०४ मध्ये २.३५. जुन्यावर बांधलेलं सहसा नव्यावर चालतं, उलटं बहुतेकदा नाही. माझ्या मते मोठ्या प्रोग्रामसाठी हाच मार्ग भरवशाचा.

सावधान: मसलमध्ये नव्या थ्रेडला मुळात १२८ केबीच स्टॅक (फंक्शन कॉलसाठीची मेमरी) मिळतो, जीलिबसीवर साधारण ८ एमबी. रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) खोल असेल तर थ्रेड तयार करतानाच आकार ठरवून द्या.