सीटीमधल्या धातूच्या रेषा कशा कमी करायच्या

खुबा बदललेला पेशंट टेबलावर आला की मी आधी स्काउटवर (स्कॅनआधीच्या साध्या आढावा-चित्रावर) धातू कुठून कुठपर्यंत आहे ते बघते. दोन्ही खुबे बदललेले असले की पुढचं चित्र ठरलेलं: धातूच्या दोन गोलांच्या मध्ये आडवा काळा पट्टा आणि मूत्राशय नेमकं त्याच पट्ट्यात.

धातूतून जाताना कमी ऊर्जेचे फोटॉन अडकतात, जास्त ऊर्जेचे तेवढे पार होतात. हे बीम हार्डनिंग. धातू जाड असला की डिटेक्टरपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. दोन्ही खुब्यांतून आरपार जाणाऱ्या किरणांचं तर विचारूच नका. फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन (मापांवरून चित्र बनवायची पद्धत) मग ती चुकीची मापं अख्ख्या रेषेवर पसरवतं.

म्हणून निम्मं काम स्कॅनच्या आधीच करायचं. कवळी, कानातलं, साखळी, हुक काढायला सांगा. दातांत फिलिंग असेल आणि बघायची असेल जीभ, तर हनुवटीचा किंवा गॅन्ट्रीचा (मशीनच्या गोल कड्याचा) कोन बदलून एक छोटा जादा रन घ्या, म्हणजे फिलिंग आणि जीभ एकाच स्लाइसमध्ये येत नाहीत. केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज, यावर किरणांची ऊर्जा ठरते) 120 वरून 140 करा. आपोआप केव्ही निवडणारी सोय चालू असेल तर तिने तो खाली आणलेला नाही ना, हे बघून घ्या. नुसता एमए (ट्यूबचा करंट, यावर किरणांची संख्या ठरते) वाढवून बीम हार्डनिंग जात नाही, डोस मात्र वाढतो. टायटॅनियमचे बारीक स्क्रू असतील तर एवढ्यावर बरंच भागतं. स्टील आणि कोबाल्ट-क्रोम मात्र त्रास देतात.

रिकन्स्ट्रक्शनला, म्हणजे मापांवरून चित्र बनवताना, मऊ कर्नल (कडा सौम्य करणारा फिल्टर), पातळ स्लाइस आणि एमएआर (धातूच्या रेषा कमी करणारं सॉफ्टवेअर) चालू. सायनोग्रामवर (प्रत्येक कोनातली मापं एकाखाली एक मांडलेल्या चित्रावर) धातू ठळक नागमोडी पट्ट्यासारखा दिसतो. एमएआर तो पट्टा कापून रिकामी जागा शेजारच्या मापांवरून भरतं. 1987 मध्ये कॅलेंडर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही काठ सरळ रेषेने जोडून ती भरली होती. त्यात धातूलगतच्या हाडाची कड पुसली जायची. 2010 च्या नॉर्मलाइज्ड पद्धतीत आधी ऊतींचं ढोबळ चित्र बनवतात, त्याच्या प्रोजेक्शनने मूळ मापांना भागतात, मग जागा भरून पुन्हा गुणतात. त्यामुळे कड बरीच टिकते. ड्युअल एनर्जी (दोन ऊर्जांवर स्कॅन करायची सोय) असेल तर 110 ते 140 केईव्हीच्या मोनोएनर्जेटिक, म्हणजे एकाच ऊर्जेच्या किरणांनी काढल्यासारख्या, प्रतिमाही काढा, पण तिथे कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन फिकं पडतं हे लक्षात असू द्या.

स्क्रू तुटलाय का बघायचं असेल तर एक्स्टेंडेड एचयू स्केल (एचयू म्हणजे सीटीतलं घनतेचं माप) लावा. नेहमीच्या स्केलवर 3071 च्या वरचं सगळं एकसारखं पांढरं दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा घाईत मी फक्त एमएआरची सिरीज पाठवली. इम्प्लांटच्या दांड्याला लागून बारीक काळी रेघ होती, अगदी सैल झाल्यासारखी. रेडिओलॉजिस्टनी मूळ प्रतिमा मागितल्या. त्यांत तिथे हाड धातूला नीट चिकटलेलं होतं. ती रेघ एमएआरनेच काढलेली! तेव्हापासून दोन्ही सिरीज, नावात स्पष्ट फरक करून, जोडीनेच जातात.

आणि हे सगळं पेशंट खोलीत असतानाच उरका. रॉ डेटा (डिटेक्टरची मूळ मापं) स्कॅनरवर कायम राहत नाही. जागा भरली की पुसला जातो आणि मग पीएसीएसमधल्या (प्रतिमा साठवायच्या सिस्टिममधल्या) तयार प्रतिमांवरून नवं रिकन्स्ट्रक्शन करता येत नाही.