सॉफ्ट टॉपची खडखड: पाना उचलण्याआधी या चुका टाळा

मुंबईत कापडी टपाची गाडी म्हणजे बहुतेक वेळा थार किंवा कुणीतरी जिवापाड जपलेली जिप्सी, क्वचित मिनी. गाडी कुठलीही असो, पेव्हर ब्लॉकच्या चौकात डोक्यावर खडखड सुरू झाली की हाताला येईल तो बोल्ट आवळायचा, ही सर्वांत महागात पडणारी चूक.

या गाड्यांना डोक्यावर पत्र्याच्या छताचा आधार नसतो. एक चाक खड्ड्यात उतरलं की बॉडी किंचित पिळली जाते आणि टपाची पुढची पट्टी समोरच्या काचेच्या चौकटीवर सरकते. मधलं रबरी बीडिंग असतं ते ही हालचाल सोसण्यासाठीच. ते कोरडं पडलं किंवा दबून चपटं झालं की आवाज येतो, आणि तो पाना फिरवून जात नाही.

आवाज टपाचाच आहे याची खात्री आधी करा. डिकीतला जॅक, पाना, मागच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल हे सगळे टपासारखेच वाजतात. ते काढून किंवा बांधून ठेवा. मग टप उघडून त्याच रस्त्यावरून त्याच वेगाने जा. खडखड तशीच राहिली तर टपाला हात लावू नका. गेली, तर टप बंद करून शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला पुढची पट्टी, बाजूचे दांडे तळहाताने एकेक करून दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथे काम आहे. गाडी चालवणाऱ्याने हे करू नये.

आवाजाची जातही ओळखा. सी लिंकवर वेग घेतल्यावरच फडफड होत असेल, तर कापडाचा ताण कमी झालाय. आतले इलॅस्टिक पट्टे सैल पडलेत का ते बघा. हळू चालताना स्पीड ब्रेकरवर करकर झाली तर बहुधा बीडिंग. ठक ठक असा कोरडा आवाज आला तर लॅच, म्हणजे टप काचेच्या चौकटीला अडकवणारी कडी, किंवा दांड्यांचा सांधा.

लॅचला अ‍ॅडजस्टमेंट असेल, तर मूळ जागी मार्करने खूण करा आणि एका वेळी पाव फेराच द्या. लॅच दोन असतील तर दोन्हीकडे सारखा. जास्त आवळलं की हूक वाकतो, रबर कायमचं दबतं, आणि जूनमध्ये त्याच फटीतून पाणी मांडीवर येतं. कागदाची पट्टी बीडिंगमध्ये धरून टप बंद करा आणि ओढून बघा. ती सगळीकडे सारख्याच जोराने अडली पाहिजे. एखाद्या जागी सुळकन निघाली, तर दाब तिथे कमी आहे.

बीडिंगला साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही लावू नका. गाड्यांची ही रबरं बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात आणि पेट्रोलियम तेलाने ती फुगून मऊ पडतात. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. काचेवर लागू देऊ नका, नाहीतर पावसात वायपर फराटे ओढतो. वरळी, वर्सोव्यासारख्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीचं हे काम पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा कराच.

फटीत जाड फोम कोंबणं हा आणखी एक आवडता उपाय. फोम पाणी धरतो, बुरशी येते, चौकट गंजते. बीडिंग खरंच संपलं असेल तर शक्यतो कंपनीचंच घ्या. ते मिळत नसेल, तर जुन्याचा तुकडा कापून नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात घेऊन जा आणि आकार जुळवूनच पट्टी आणा. फेल्ट टेप फक्त आतल्या, पाणी न पोचणाऱ्या जागी.

सांध्यांतलं बुश (पिनभोवतीची छोटी नळी) झिजलं असेल तर तेलाने आवाज चार दिवस दबेल, खेळ जाणार नाही. बुशच बदला. ओला टप घडी करून ठेवू नका.

बटणावर चालणाऱ्या टपाला मात्र घरी पाना लावूच नका. त्याची मोटर आणि सेन्सर ठरलेल्या जागेवर चालतात; जागा थोडी हलली तरी टप अर्ध्यावर अडकू शकतो. तिथे आवाजाची जागा शोधून ठेवा, मोबाइलवर तो रेकॉर्ड करा आणि ते घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला जा.