मराठी मजकुरासाठी लॅपटॉपचे रिझोल्यूशन कसे निवडावे

लॅपटॉपच्या माहितीत १९२० × १०८० असा जो आकडा दिलेला असतो, तो म्हणजे रिझोल्यूशन; पडद्यावर आडवे आणि उभे किती पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके, आहेत एवढेच तो सांगतो. तेच पिक्सेल १३.३ इंची पडद्यावर दाटीने बसतात आणि १७.३ इंची पडद्यावर विरळ होतात. म्हणून अक्षर किती रेखीव दिसेल हे प्रत्येक इंचात किती पिक्सेल मावतात, म्हणजेच पिक्सेलची घनता किती आहे, यावर ठरते. ही घनता खरेदीपूर्वी स्वतः काढता येते. दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला पडद्याच्या कर्णाच्या लांबीने भागावे. या हिशेबाने १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८ ची घनता सुमारे १००, तर १९२० × १०८० ची १४१ येते. १४ इंची पडद्यावर १९२० × १२०० ला १६२ आणि २५६० × १६०० ला २१६ अशी घनता मिळते.

निकोप दृष्टीला साधारणपणे कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. डोळे पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर असतील तर हे प्रमाण इंचाला सुमारे १४५ पिक्सेल आणि ५० सेंटिमीटरवर सुमारे १७५ पिक्सेल होते. मांडीवर किंवा लहान टेबलावर लॅपटॉप वापरताना आपण बहुधा याच अंतरात बसलेले असतो.

देवनागरी वाचणाऱ्याने या आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. आपल्या लिपीत एकाच ओळीच्या उंचीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षराचा पाय एवढे सगळे बसवावे लागते. शंभराच्या घनतेवर लहान आकारातील ‘राष्ट्र’ शब्दातले ‘ष्ट्र’ एकमेकांत मिसळते, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक पुसट होतो आणि ‘मुलांना’ऐवजी ‘मुलाना’ असे टंकलेले असले तरी ते नजरेतून निसटते. ज्यांना मुद्रितशोधन करायचे आहे, प्रबंध लिहायचा आहे किंवा तासन्‌तास मराठी वाचायचे आहे, त्यांनी १३६६ × ७६८ चा पडदा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. १५.६ इंचांसाठी १९२० × १०८० ही किमान पायरी समजावी. १४ इंचांत १९२० × १२०० मला सर्वांत समतोल वाटते, कारण उभ्या दिशेने मिळणारे १२० जादा पिक्सेल मात्रांमुळे जास्त अंतर लागणाऱ्या आपल्या ओळींना उपयोगी पडतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ज्येष्ठ मंडळींना मोठे अक्षर हवे असते, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम कमी रिझोल्यूशनचा लॅपटॉप निवडला जातो, किंवा चांगल्या पडद्याचे रिझोल्यूशन सेटिंगमध्ये कमी करून ठेवले जाते. एलसीडी पडद्यातील पिक्सेलची संख्या कायम असते, त्यामुळे रिझोल्यूशन उतरवल्यावर चित्र ताणले जाऊन अक्षरांच्या कडा धूसर होतात. त्याऐवजी रिझोल्यूशन मूळचेच ठेवावे आणि विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंग्जमधील ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. मग तेच अक्षर अधिक पिक्सेल वापरून मोठे आणि रेखीव उमटते. मात्र स्केल वाढवले की जागा कमी होते हेही लक्षात घ्यावे: १९२० × १०८० च्या पडद्यावर १२५ टक्के ठेवल्यास १५३६ × ८६४ इतकीच जागा उरल्यासारखी होते. मोठे अक्षर आणि भरपूर जागा दोन्ही हवी असतील, तर पडदाच मोठा घ्यावा लागतो. काही जुने प्रोग्राम स्केल नीट पाळत नाहीत आणि पुसट दिसतात. तुमचे काम अशा एखाद्या प्रोग्रामवर अवलंबून असेल, तर तो त्या स्केलवर आधी चालवून पाहावा.

३८४० × २१६० चा, म्हणजे ‘फोर के’ पडदा छायाचित्रे किंवा व्हिडिओ संपादित करणाऱ्यांना उपयोगी आहे. इतरांनी त्यासाठी पैसे मोजू नयेत, कारण १९२० × १०८० च्या चौपट पिक्सेल हाताळताना ग्राफिक्सवर भार येतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

दुकानात गेल्यावर आधी स्केल किती ठेवले आहे ते पाहावे आणि एखाद्या मराठी वृत्तपत्राचे पान नेहमीच्या आकारात उघडावे. नेहमी बसता तितक्या अंतरावरून ‘वाऱ्यावर’, ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’ असे शब्द वाचून पाहावेत आणि पडदा थोडा मागेपुढे कलवून रंग फिके पडतात का हेही तपासावे. दिव्यांच्या झगमगाटात सगळेच पडदे उठून दिसतात, त्यामुळे शक्य असल्यास ब्राइटनेस अर्ध्यावर आणून तेच पान पुन्हा वाचावे.