हॅबिटिकात एआयकडून कामे नोंदवून घेण्याआधीची तयारी

हॅबिटिका हे रोजच्या कामांना खेळाचे रूप देणारे अ‍ॅप आहे: कामे केली की त्यातल्या आपल्या पात्राला बक्षीस मिळते. त्यात नोंदवायच्या कामांची यादी एआयच्या हाती सोपवण्याआधी ती एकदा कागदावर उतरवावी आणि प्रत्येक काम हॅबिटिकाच्या चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे त्यासमोर स्वतः लिहावे. माझ्या मते सगळ्या तयारीत याच पायरीला सर्वाधिक वेळ द्यायला हवा. हॅबिट म्हणजे ठरावीक वेळ नसलेली, घडेल तेव्हा अधिक किंवा उणे नोंदवायची सवय. डेली म्हणजे ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा येणारे काम. टू-डू म्हणजे एकदाच करायचे काम. आणि रिवॉर्ड म्हणजे मिळवलेले सोने खर्चून स्वतःला द्यायचे बक्षीस. डेली चुकली की आपल्या पात्राचे आरोग्यगुण कमी होतात. हे गुण जास्तीत जास्त ५० असतात आणि ते संपले तर एक पातळी, साठवलेले सारे सोने आणि अंगावरची एखादी वस्तू गमवावी लागते. टू-डूची मुदत उलटली तरी असे काही होत नाही. ते काम फक्त लाल होत जाते आणि पूर्ण केल्यावर अधिक फळ देते. म्हणून एकदाचे काम चुकून डेली म्हणून नोंदवले गेले, तर करण्यासारखे काहीच नसलेल्या दिवशीही त्याची शिक्षा भोगावी लागते.

ठाण्यातल्या घरांना परिचित असलेले एक उदाहरण घ्यावे. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना आली, की आदल्या रात्री पिंप आणि कळशा भरून ठेवाव्या लागतात. ‘पाणी भरून ठेवणे’ एवढेच शब्द दिले, तर एआय ते रोजचे घरकाम समजून त्याची डेली करून टाकण्याचा संभव मोठा असतो. प्रत्यक्षात हे सूचना आल्यावरच निर्माण होणारे, तारखेचे टू-डू आहे. याउलट ‘रात्री टाकीची पातळी पाहणे’ ही खरी डेली होय. दोन्ही कामे पाण्याचीच असली तरी त्यांतला भेद घरातल्या माणसालाच ठाऊक असतो आणि तो शब्दांत मांडल्याशिवाय यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

मोठ्या कामाची फोड कशी करायची, हेही आधीच ठरवावे. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची तयारी हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण कोपरखैरण्यापासून कळव्यापर्यंत कितीतरी संस्थांच्या चिटणिसांना दरवर्षी तीच धावपळ करावी लागते. सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी सभासदांच्या हाती पडायला हवी. शेवटच्या दिवशी सभा ठेवली, तर सूचना १५ सप्टेंबरच्या पुढे ढकलता येत नाही. त्याआधी हिशेब आणि लेखापरीक्षण अहवाल तयार असावा लागतो. एआयला मोकळे सोडले, तर तो यातून डझनभर सुटी टू-डू तयार करतो आणि मुख्य पडदा भरून जातो. त्याऐवजी एकच टू-डू आणि तिच्या पोटात उपकामांची यादी, असे त्याला स्पष्ट सांगावे. स्वतंत्र मुदत असलेले काम, म्हणजे येथे सूचना वाटण्याचे, तेवढे वेगळे काढावे.

अवघडपणाची पातळी प्रत्येक कामासाठी स्वतः ठरवावी. अ‍ॅपमध्ये क्षुल्लक, सोपे, मध्यम आणि अवघड अशा चार पायऱ्या असून त्यांचे वजन अनुक्रमे ०.१, १, १.५ आणि २ असे आहे. बक्षिसाबरोबरच डेली चुकल्यावर होणारे नुकसानही त्याच प्रमाणात वाढते. सगळीच कामे ‘अवघड’ करून ठेवणे, हा पहिल्याच आठवड्यात खचून जाण्याचा मार्ग आहे.

वारांची निवडही नीट लिहून द्यावी. रविवारी ट्रान्स-हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असला, तर ठाणे ते पनवेल हा प्रवास लांबतो. त्यामुळे वडीलधाऱ्यांना भेटायला जाण्याची डेली शनिवारची ठेवावी. तारखांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते. आपली मध्यरात्र तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसहाची वेळ असते. त्यामुळे यंत्राने केलेल्या रूपांतरात मुदत एक दिवस अलीकडे सरकू शकते. ‘सर्व तारखा भारतीय वेळेनुसार आहेत’ हे वाक्य एआयला द्यायच्या सूचनेत असलेच पाहिजे. रात्रपाळी करणाऱ्यांनी अ‍ॅपमधील दिवस सुरू होण्याचा तासही आपल्या वेळेप्रमाणे बदलून घ्यावा.

आता जोडणीकडे वळू. एआय साधनाला खात्यापर्यंत पोहोचण्यासाठी यूझर आयडी आणि एपीआय टोकन, म्हणजे बाहेरच्या साधनाला खाते उघडून देणारी किल्ली, लागतात. ते दोन्ही अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सापडतात. टोकन हे पासवर्डइतकेच गोपनीय मानावे. ते गप्पांच्या खिडकीत टाइप न करता साधनाच्या सेटिंगमध्ये ठेवावे, आणि महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कचेरीतल्या सामायिक संगणकावर तर कधीच ठेवू नये. खात्याची माहिती आधी फाइल म्हणून उतरवून घ्यावी, कारण पुसलेले काम परत आणता येत नाही. एआयला काम तयार करण्याची मुभा द्यावी. बदलण्याची आणि पुसण्याची परवानगी मात्र प्रत्येक वेळी आपल्याला विचारूनच घ्यायला लावावी. हॅबिटिका एका मिनिटात ३० विनंत्यांपर्यंतच स्वीकारते. त्यामुळे मोठी यादी एकेक करून पाठवण्यापेक्षा एकाच विनंतीत गटाने पाठवायला सांगणे बरे.

सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येईल: ‘खालील यादीतील प्रत्येक कामाचा प्रकार, अवघडपणा, वार किंवा तारीख मराठीत तक्त्यात मांड. शंका असेल तिथे अंदाज न करता विचार. मी “नोंदव” असे लिहीपर्यंत अ‍ॅपमध्ये काहीही तयार करू नकोस.’ येणारा तक्ता कागदावरच्या यादीशी ओळीगणिक ताडून पाहावा. अनेकदा एआय न विचारता ‘ध्यान करणे’, ‘पुरेसे पाणी पिणे’ अशी सत्कार्ये भर घालून देतो. ती निःसंकोच काढून टाकावीत.

घरातले दोघे-तिघे एकाच पार्टीत, म्हणजे अ‍ॅपमध्ये एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, असून खेळातल्या राक्षसाशी लढाई चालू असेल, तर आपली डेली चुकल्याचा फटका इतरांनाही बसतो. म्हणून नव्या डेली उघडण्याआधी त्यांना कळवावे, निदान वाशीत राहणाऱ्या बहिणीला तरी. पहिली नोंद दोन-तीन कामांचीच करावी आणि ती अ‍ॅप उघडून, पडद्यावर स्वतः पाहावी. उरलेली यादी नोंदवल्यावर सुरुवातीचे काही दिवस नुकसान थांबवण्याची सोय चालू ठेवावी. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप कालच्या राहिलेल्या डेली दाखवते, तेव्हा त्या यादीत नको ते काम दिसल्यास त्याचा प्रकार लगेच बदलून घ्यावा आणि त्यानंतरच ही सोय बंद करावी.