खाऱ्या खाचरातलं मीठ मोजायचं असेल तर

घणसोलीत आजी अजूनही 'खाडीकडचं शेत' म्हणते. तिथे आता इमारती आहेत. एम.एस्सी.साठी मी मावशीच्या उरणकडच्या खाचरात जाते. उधाणात बांध फुटला की तिथे खारं पाणी शिरतं.

माती मे महिन्यात घ्या. उन्हात ओल वर ओढली जाते, पाणी उडून जातं आणि मीठ वरच्या थरात साचतं, म्हणून तेव्हाचं चित्र सगळ्यात वाईट असतं. पांढरा थर दिसतो तिथलीच माती उचलू नका, तिचा नमुना वेगळा ठेवा. बाकी खाचरात नागमोडी फिरत आठ-दहा जागी १५ सेंटिमीटर खोल खड्डे घ्या, माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. खताची गोणी नको, तिच्यातल्या खताचे क्षार मातीत मिसळतात.

एक भाग माती, अडीच भाग पाणी, अर्धा तास ढवळा, निवळू द्या, मग ईसी मीटर बुडवा; तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, मीठ जास्त तितका आकडा मोठा. पाणी डिस्टिल्ड हवं, साध्या पाण्यात आधीच क्षार असतात. पहिल्या वर्षी मी टाकीतलं वापरलं आणि पूर्ण दिवस वाया गेला. मीटर आधी १.४१ डेसीसायमन्स प्रति मीटरच्या प्रमाण द्रावणात तपासून घ्या. आणि हे नीट लक्षात ठेवा: ४ डेसीसायमन्स प्रति मीटरच्या पुढची जमीन खारी मानतात, पण तो आकडा मातीच्या संपृक्त लगद्याचा, म्हणजे माती जेमतेम पूर्ण भिजेल इतकंच पाणी घालून केलेल्या लगद्यातल्या पाण्याचा आहे. पातळ द्रावणात त्याच मातीचा आकडा बराच कमी येतो. तो पाहून 'जमीन चांगली आहे' असं कुणाला सांगू नका.

पुढचं काम पावसाळ्यातलं, मीठ धुऊन काढायचं. खाचरात गोडं पाणी साठवा, चिखलणी करा, ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून) सोडा, पुन्हा भरा. राब (रोपवाटिका) उंचावरच्या गोड्या जमिनीत करा, कारण रोप कोवळं असताना भाताला मीठ सोसत नाही. बियाणं पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचं घ्या: पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३. आवणीला (लावणीला) रोपं जरा जून घ्या आणि चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) एक-दोन जास्त लावा, काही मरतात.

भात फुलोऱ्यात आला की पुन्हा नमुना घ्या. तेव्हाही पीक नाजूक असतं, आणि पाऊस ओढला तर मीठ परत वर येतं. मावशी त्या आठवड्यात रोज बांधावरून चक्कर मारते.