वाळवंटात माजलेलं अंजन गवत मुळासकट कसं काढावं

आपल्याकडे कमी पावसाच्या मुरमाड रानात चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात ते अंजन गवत अमेरिकेच्या ॲरिझोनात 2005 पासून उपद्रवी तण ठरलेलं आहे. तिथे त्याला बफेल ग्रास म्हणतात. 1930-40च्या दशकांत चाऱ्यासाठी आणि धूप थांबवायला ते तिथे आणलं. दुष्काळात तगणं, चरल्यावर पुन्हा फुटणं, भराभर बी धरणं हे गुण पाहून निवडलेलं गवत कुरणाबाहेर पडलं, तेव्हा त्याच गुणांमुळे आवरेना. तिथल्या सोनोरन वाळवंटात झुडपांमधली जमीन उघडी असते, म्हणून वणवा पसरत नाही. अंजन नेमकी ती जागा भरतं. पहिल्या 8 वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढणारा सग्वारो निवडुंग आगीत मरतो, अंजन मात्र बुंध्यातून पुन्हा फुटतं.

आधी ओळख पटवा. कणसावरचं बी दोन बोटांनी ओरबाडा. उरलेली काडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. देठाला पेऱ्यांवर फांद्या असतात. स्थानिक गवतं लांबून अशीच दिसतात, तेव्हा घाई नको. जमीनमालकाची किंवा उद्यानाची परवानगीही घ्या.

सुरुवात दाट पट्ट्यात करू नका. दूरवरचे सुटे ठोंब आधी काढा, कारण नवे पट्टे तिथूनच तयार होतात.

1. कणसं आधी खुडून प्लास्टिकच्या पिशवीत भरा.
2. पाऊस पडून वाफसा आला की पहार बुंध्याशेजारी तिरपी घाला आणि ठोंब उचकटा. नुसतं कापलं तर फुटवे येतात. यंत्राने कापलं तर बीही उधळतं.
3. माती तिथेच झटका, खड्डा बुजवून दाबा. उकरलेल्या जमिनीत बी लवकर रुजतं.
4. निघण्याआधी मोजे, बूट, पँटचे काठ झाडा. बियांची कुसळं कापडाला चिकटून येतात.

उतारावर किंवा मोठ्या पट्ट्यात ग्लायफोसेट हे तणनाशक वापरतात, पण गवत निम्म्याहून जास्त हिरवं असतानाच, म्हणजे तिथल्या उन्हाळी पावसानंतरच्या काही आठवड्यांत. हिरव्या पानातून औषध मुळापर्यंत उतरतं, वाळलेल्या पानावर मारलेलं वाया जातं. मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणेच घ्या आणि शेजारच्या झुडपांवर तुषार जाऊ देऊ नका, तीही मरतील.

बहुतेकांचं काम फसतं ते एकदा काढून पाठ फिरवल्यामुळे. मातीतलं बी काही वर्षं जिवंत राहतं. त्याच जागी दर पावसाळ्यानंतर, किमान 3 ते 5 वर्षं फिरा. बोटभर रोपं हातानेच निघतात, पहार लागत नाही.