आगोट, पण थंडीची

चिपळूणला मे महिना सरत आला की आई आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, मागे लागायची. लाकडं पडवीत, सुकी मासळी डब्यात, मीठ बरणीत, छत्र्यांच्या काड्या दुरुस्त. मग जूनमध्ये कोसळायचा तेवढा कोसळू दे. कॅनडातल्या विनिपेगला आले तेव्हा ही अक्कल मी घरीच ठेवून आले. इथली आगोट सप्टेंबरात करायची असते, हे मला डिसेंबरात कळलं.

तर पहिली गोष्ट, जॅकेट तिकडून आणू नका. दादरहून घेतलेलं माझं जाडजूड जॅकेट ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टिकलं. नंतर मी ते घरात घालायला लागले. इथे येऊनच घ्या. जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगले पार्के, म्हणजे टोपीवाले जाड लांब कोट, स्वस्तात मिळतात, त्यात लाज कसली? मात्र बूट नवे घ्या आणि अर्धा नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहणारे मिटन्स बरे. अंगालगत सुती बनियन नको. बस पकडायला धावलात की ते घामाने भिजतं आणि मग थांब्यावर उभं राहिलं की पाठीला बर्फ. आत थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीस, त्यावर पार्का.

दुसरं म्हणजे ऊन बघून फसू नका. आपल्याकडे ऊन म्हणजे ऊब. इथे जानेवारीत आकाश जितकं निरभ्र, तितका कडाका मोठा. खिडकीतून बघावं तर लख्ख, डोळे दिपतील असं. बाहेर उणे 27. आणि नुसता तो आकडाही बघू नका, वाऱ्यासकटचा बघा. वाऱ्याचा हिशेब धरून उणे 28 च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे 40 च्या खाली पाच-दहा मिनिटांत. नाक, कान, गाल आधी. झोंबणं थांबलं की बरं वाटलं असं समजू नका, तीच धोक्याची खूण. कातडी पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाही. आत जाऊन कोमट पाण्यात धरायची, कढत नव्हे. पाच-दहा मिनिटांत बधिरपणा गेला नाही तर थेट डॉक्टर.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्या डिसेंबरात सकाळी न्हाऊन, केस टॉवेलने पुसून, टोपी न घालता निघाले. चिपळूणला तशीच निघायचे. थांब्यावर केसांना हात लावला तर हातात काड्या आल्या. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती ती केसांकडे नव्हे, कानांकडे. माझ्या कुड्या! धातू गार पडून कानाची पाळी चिमट्यात धरल्यासारखी दुखत होती. तेव्हापासून नोव्हेंबर ते मार्च कान मोकळे.

गारठ्याहून मला जास्त छळलं ते कोरडेपणाने. दमट हवेत वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. हीटर चालू झाला की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा बारीक झटका बसतो. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर घ्या, पण घरातली आर्द्रता तीस टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरतो. वरणाचं पातेलं उघडं रटरटत ठेवलं तरी धरतो. टाचांना आणि ओठांना आईने पाठवलेलं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल. पावसातल्या भेगांवरचं औषध इथल्या भेगांवरही तसंच चालतं. फक्त इथे ते दगड होऊन बसतं, चमचा तापवून खरवडावं लागतं.

गाडी असेल तर इंजिन गोठू नये म्हणून त्यात बसवलेल्या हीटरची वायर रात्री भिंतीतल्या सॉकेटला लावायची. उणे पंधराच्या खाली गेलं की लावाच. आणि सकाळी निघताना काढायची. हसू नका, वायर फरपटत नेणारे दरवर्षी दिसतात.

डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. दुपारच्या चहाला दिवे लावताना मन खचतं, खोटं कशाला बोलू. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर फिरायचं, फारच कडाका असेल तर डाउनटाउनमधल्या इमारती जोडणाऱ्या काचेच्या स्कायवॉकमधून. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारून घ्या.

आणखी एक, फोडणी घालण्याआधी सगळ्यांचे पार्के कपाटात घालून दार लावा. ते रोज धुता येत नाहीत, आणि हिंग-मोहरी बसमध्ये आपल्याआधी चढते.

दही लागत नाही ही तक्रार मला नव्या आलेल्या प्रत्येकीकडून ऐकू येते. कोमट दुधाला विरजण लावा, पातेलं ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन बंद आणि आतला दिवा तेवढा चालू. सकाळपर्यंत सुरी लावून कापावं असं घट्ट लागतं. ओव्हनच्या दारावर मात्र चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडे एकदा नवऱ्याने आत न बघताच ओव्हन तापत ठेवला. दह्याचं पनीर झालं, आणि प्लास्टिकचं झाकण अजून जाळीला चिकटलेलं आहे.